बासष्ट गावांची फ्लॉपी

विमलनं सकाळपासून अकराव्यांदा फ्लॉपी फटीत सरकवली आणि खटका खाली केला. मशीन घरघरलं, थांबलं, अन् पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली: जनरल फेल्युअर.

पूर्णाकाठ दूध संघाच्या परभणीच्या हापिसात कॉम्प्युटर आला तो ब्याण्णवच्या उन्हाळ्यात. कोणत्या टेम्पोनं कोणत्या रस्त्यानं जाऊन कोणत्या गावचं दूध उचलायचं, हे ठरवून देणारा प्रोग्राम त्यात होता. पण प्रोग्रामला गावं कुठं ठाऊक? ती विमलनं शिकवली. विमल मूळची टायपिस्ट. दोन महिने खुर्ची न सोडता तिनं बासष्ट गावं, त्यांच्यातली अंतरं, कच्चा रस्ता की पक्का, सगळं भरलं होतं. ते सगळं या एका काळ्या चौकोनी फ्लॉपीवर होतं, अन् मशीन तिला ओळखच दाखवत नव्हतं.

त्यात परवा चुडाव्याच्या अलीकडचा नळकांडी पूल पुरात खचला. जुने रस्ते कामाचे राहिले नाहीत. तीन टेम्पोंना गावं नव्यानं वाटून द्यायची होती.

"काहीतरी चुकीचं बटन दाबलं असेल तुम्ही," मॅनेजर माधवराव दारातूनच म्हणाले.

"साहेब, बटनापर्यंत जातंच कुठं? ते फ्लॉपीच वाचत नाही."

"मग दुसरी घालून बघा."

तिनं पत्रांची जुनी फ्लॉपी घातली. ती मात्र झटक्यात उघडली. माधवरावांनी मान डोलावली. "म्हणजे मशीन ठीक आहे. फ्लॉपी तुम्हीच खराब केली. कुठं उन्हात ठेवली असेल."

विमलचे कान तापले. फ्लॉपी कपाटात, कागदी पाकिटात, वर प्लास्टिक घालून ठेवलेली होती. पोराची दहावीची सनद तिनं इतकी जपली नव्हती.

ड्रायव्हर भुजंग ताडकळसचा. तो बाहेरच्या बाकावरून उठून आत आला. "बाई, कागद कवा देतासा? आमी मनानंच फिरायलाव. एका गावात दोन टेम्पो जायलेत, एका गावात एक बी न्हाई. काल वालूरच्या कमलबाईचं दूध दुपारपस्तोर उनात पडलं. नासलं. माझ्यासमोर वतून दिलं तिनं."

खाली वाकून विमलनं फ्लॉपीच्या फटीकडं नीट बघितलं. फटीशेजारचा बारका दिवा हिरवा होता. तिला लख्ख आठवलं, आधी तो लाल होता. गेल्या गुरुवारी नांदेडचा मेकॅनिक मशीनची धूळ काढायला आला होता, अन् तासभर दार लावून बसला होता.

"साहेब, मेकॅनिकनं फ्लॉपी वाचणारा ड्राइव्हच बदललाय."

माधवरावांनी नांदेडला मेकॅनिककडं ट्रंक कॉल लावला. पलीकडून उत्तर आलं, फक्त सफाई केली. फोन ठेवून माधवराव म्हणाले, "दिव्याच्या रंगावरून माणसाला चोर ठरवता का, विमलबाई?"

तिनं पर्स उचलली, फ्लॉपी पदराआड धरली अन् रिक्षा करून कॉलेज गाठलं. तिथं कॉम्प्युटर शिकवणारे दिनकरराव होते. त्यांनी फ्लॉपी उलटसुलट करून बघितली.

"ही जास्त माहिती मावणारी फ्लॉपी आहे, बाई. जुन्या बनावटीच्या ड्राइव्हला ही वाचताच येत नाही. कमी मावणारी असेल तर येते."

"पत्रांची वाचतो."

"ती कमी मावणारी असणार. तुमच्या मशीनचा नवा काढून कुणीतरी जुना ड्राइव्ह बसवलाय."

त्यांनी आपल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली. अन् गावं भराभर पडद्यावर उतरली, बासष्टच्या बासष्ट. विमलला वाटलं होतं, आनंद होईल. झाला तो संताप. तीन दिवस ती स्वतःलाच दोष देत होती. काल जेवतानासुद्धा आठवत होती, आपला हात फ्लॉपीला कुठं लागला असेल म्हणून.

दिनकररावांच्या मशीनला जुने-नवे दोन्ही तऱ्हेचे ड्राइव्ह होते. त्यांनी सगळं एका कमी मावणाऱ्या फ्लॉपीवर उतरवून दिलं.

हापिसात ती फ्लॉपी पहिल्याच खेपेला चालली. विमलनं चुडाव्याचा पूल खोडला, प्रोग्रामला पुन्हा हिशोब करायला लावला. अर्ध्या तासात प्रिंटर किरकिरत तीन टेम्पोंचे तीन कागद ओकला. भुजंगनं आपला कागद बोट फिरवत वाचला. "ह्ये बराबर हाय," म्हणाला अन् टेम्पोकडं गेला. संध्याकाळचं दूध वेळेत आलं.

"बघा," माधवराव म्हणाले, "नीट दाबलं की चालतं."

विमलनं टाइपरायटरला कागद लावला. ड्राइव्ह कधी बदलला गेला, फ्लॉपी का वाचली गेली नाही, किती दूध नासलं, सगळं तारखेनिशी टाइप केलं, खाली सही केली अन् कागद माधवरावांपुढं ठेवला.

"मेकॅनिकशी वाकडं कशाला घ्यायचं, बाई? काम झालं ना?"

"वालूरच्या बाईचं नाही झालं, साहेब. माझंही नाही. वर पाठवायला तुमची सही लागते."

माधवरावांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघितलं, चहा मागवला. चहा आला, निवला. विमल टेबलापुढून हलली नाही. शेवटी त्यांनी पेन उघडलं.