अख्खा हात मावेल असा खिसा

मी खिसा बोलतोय. दचकून स्वतःचे खिसे चाचपू नका, मी तुमचा नाही. मी एका बाईंच्या हिरव्या, लांब ड्रेसचा उजवा खिसा. डावा नाहीच, त्यामुळे घराण्याचा एकुलता एक वारस.

माझा जन्म गैरसमजातून झाला. बाई जनावरांच्या डॉक्टर. शिंपीकाकांना त्या म्हणाल्या, "काका, खिशात हात नीट मावला पाहिजे." त्यांच्या मनात होता पंजा. काकांनी माप घेतलं खांद्यापासून. मी थेट गुडघ्याखाली पोहोचलो.

"अहो काका, हे काय?"

"हात म्हणालात ना? मग अर्धाच धरू की काय?"

बाई पोट धरून हसल्या. मग त्यांनी हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, "राहू द्या. पुढचे सगळे ड्रेस असेच शिवा."

तेव्हापासून माझ्या पोटात थर्मामीटर, पट्ट्या, कुत्र्यांची बिस्किटं. एकदा भिजलेलं मांजराचं पिल्लूही होतं. त्याने आत बसून जे करायचं ते केलं. मी ब्र काढला नाही.

"पर्स घे गं एखादी," ताई कुरकुरायची. ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. कपड्यांबद्दल तिचं मत कुणाला मागावं लागत नाही. "या पोतडीत तू कशी दिसतेस माहितीये?"

"मोकळी दिसते. उधळलेला बैल काही मी पर्स खाली ठेवेपर्यंत थांबत नाही."

लोक दर मोसमाला दुकानातून नवा स्वभाव विकत आणतात. बाईंचा स्वभाव एकच, म्हणून ड्रेसही एकाच धाटणीचे. मला त्याचा फार अभिमान होता.

मग जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात मुख्य डॉक्टरच्या जागेसाठी मुलाखत आली. ती जागा बाईंना मनापासून हवी होती आणि तिथेच त्या डळमळल्या. "ताई, तूच सांग गं, कशी जाऊ?"

ताईला आयतंच सापडलं. तिने मला रिकामं केलं, इस्त्रीने सपाट केलं आणि माझं तोंड शिवून टाकलं. बाईंच्या हाती चकचकीत पर्स दिली. मला फार वाईट वाटलं, पण तोंड शिवलेल्याने कुणाला सांगायचं?

मुलाखतीला समोर तीन कोट बसले होते. खिसे भरपूर, सगळे रिकामे. आमचे लोक आम्हाला कळतात.

"गाय अडली, वासरू बाहेर येत नाही. आधी काय कराल?" मधल्या कोटाने विचारलं.

हे तर बाईंचं रोजचं काम. पण त्यांचा हात मला शोधत शिवणीवरून फिरत राहिला. शेवटी त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, नखाने टाके उसवले आणि कोपराच्याही वर हात आत घातला.

"काय शोधताय?"

"काही नाही. आधी हे असं करते. वासरू कसं वळलंय ते हाताला कळतं."

कोट हसले. मग बाई बोलतच सुटल्या. जागा त्यांनाच मिळाली.

आता मी म्हातारा झालोय. तळ फाटलाय, बिस्किटं वाटेत सांडतात, मागे कुत्र्यांची मिरवणूक निघते. परवा ताई सुई घेऊन आली, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

"वरून शिवू की खालून?" तिने विचारलं.

"ताई!"

"अगं, गंमत केली." तिने मला उलटा केला आणि तळ घट्ट शिवला. तिच्या नव्या ड्रेसलाही आता खिसा आहे. मनगटापर्यंतचाच, पण आहे.

मंडळी, मला बाकी काही नको. तळ फाटला तर खुशाल ठिगळ लावा. तोंड मात्र शिवू नका.