अनुभववही

माझा उजवा पाय बसल्या जागी हलतो. शाळेपासूनची सवय आहे. बाबा अजून म्हणतात, "पाय नको हलवू वं, घर हलते." घर काही हललं नाही, पण शेजारी बसलेलं माणूस मात्र हळूच सरकून बसतं. अशा बाईला अमरावतीच्या एका कॉलेजात ध्यान शिकवायला लावलं, यात चूक माझी एकटीची नाही.

झालं असं. नव्या अभ्यासक्रमात 'ध्यान आणि अध्ययन' नावाचा दोन क्रेडिटचा विषय आला. प्राचार्य शेषराव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी शिकवते संख्याशास्त्र, तेही नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नव्यानं अर्ज आणि नव्यानं धाकधूक. सर म्हणाले, "माधवी मॅडम, हा विषय तुमीच घ्या. तुमी बुद्धिस्ट. तुमच्या तं घरातच ध्यान आहे."

घरात आहे, खरं आहे. अकोल्याला आमच्या घरी बाबा रोज पहाटे तासभर बसतात. त्यांच्या आग्रहाखातर मीही एकदा दहा दिवसांच्या शिबिराला गेले आणि तिसऱ्याच दिवशी पळून आले. तिथल्या माणसाला सांगितलं, चुलती वारली. मला चुलतीच नाही. हे सगळं सरांना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "मार्चमधे कॉलेज तपासायला समिती येऊन राहिली. तिच्यापुढं हा उपक्रम उठून दिसला, तं पक्की जागा निघाल्यावर तुमचंच नाव. माझा शब्द." मी हो म्हणून मोकळी झाले.

मग रोजचं ठरलं. सकाळी अकोल्याहून गाडी, बडनेऱ्याला ऑटो, धापा टाकत वर्ग आणि लगेच, "डोळे मिटा. श्वासाकडे लक्ष द्या." दहा मिनिटं बेचाळीस मुलं-मुली डोळे मिटून बसत आणि मी घड्याळ बघत उभी. लबाडी टोचत होती, नाही असं नाही. पक्की जागा हुकेल ही भीती जास्त टोचत होती.

मार्क कशावर द्यायचे, म्हणून रोज चार ओळी अनुभव लिहायचा असं मीच ठरवलं. फेब्रुवारीच्या शेवटी वह्या जमा केल्या. आधी हसू आलं, मग राग. आमच्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात, ही रीतच आहे. इथं विषय नवा, मागचं वर्षच नाही. तेव्हा पहिल्या बाकावर कोणीतरी लिहिलं आणि बाकीच्यांनी उतरवलं. 'आज मन प्रसन्न झाले व एकाग्रता वाढली.' एकेचाळीस वह्या, तीच तारीख, तेच वाक्य. सात जानेवारीला तर एकेचाळीस जणांना एकदमच निळा प्रकाश दिसला होता.

बेचाळिसावी वही करिश्मा कासदेकरची. धारणीकडची मुलगी, वसतिगृहात राहते, वर्गात सहसा बोलत नाही. तिची वही मी परतीच्या गाडीत उघडली.

'आज मन लागलं नाही. पायाला मुंग्या आल्या.' 'आज मन लागलं नाही. गावात टॉवर नाही, आईचा फोन आला नाही.' 'आज मन लागलं नाही. घाटात जीप पलटली म्हणतात, कोणाची ते कळलं नाही.' असं पानोपानी. आणि अठरा फेब्रुवारीला, 'आज मन लागलं नाही. डोळे उघडले तर मॅडमचे पण उघडे. त्या घड्याळ पाहून राहिल्या होत्या. त्यांचा पाय हलत होता.'

मूर्तिजापूर गेलं तरी मी त्याच पानावर. मला भीती वाटली, सरळ भीती. ही वही समितीच्या हाती लागली की माझी नऊ वर्षं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वह्या परत वाटल्या आणि तिला स्टाफरूमबाहेर गाठलं. "करिश्मा, वही पुन्हा लिहून आण. इतकं वाईट लिहायचं नसतं."

"वाईट नाही मॅडम. जसं झालं तसंच लिवलं."

"समिती येणार आहे. सगळ्यांचं मन लागतं आणि तुझं एकटीचं नाही, हे बरं दिसतं का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखादं उदाहरण कसं सोडवायचं हे विचारताना पाहते, तसं.

"मंग कोनाच्या वहीतून उतरवू, मॅडम?"

"कोणाच्याही," मी म्हटलं आणि आत जाऊन लागोपाठ दोन चहा प्यायले. दिवसभर कशातच जीव लागला नाही.

समितीच्या दिवशी वर्गाबाहेर रांगोळी, खिडकीत उदबत्ती, शेषराव सर नव्या कोटात. करिश्मानं माझ्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या. "नवी लिवली. जुनी फाडू नाही वाटली. आता तुमी सांगा."

व्हरांड्यात पावलं वाजली. मी नवी वही बाकीच्यांच्या पुन्हा जमा केलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात सारली आणि जुनी पर्समध्ये कोंबली. मुलांना डोळे मिटायला सांगितलं.

समितीतल्या एका वयस्कर बाईंनी गठ्ठ्यातल्या चार-पाच वह्या चाळल्या. "सात जानेवारीला सगळ्यांनाच निळा प्रकाश?" त्यांनी विचारलं. त्यांच्या हातात सर्वात वर करिश्माची नवी वही होती. आता तिलाही तो दिसला होता.

शेषराव सर घाईघाईनं म्हणाले, "आमच्या मॅडमच्या घरातच ध्यान आहे."

मी समोर पाहिलं. तिसऱ्या बाकावर करिश्मा डोळे घट्ट मिटून बसली होती, बाकीच्यांसारखीच. मन कुठं पळतं ते पाहायचं आणि पाहिलं तेवढंच सांगायचं, मी शिकवत होते ते हेच ना? सबंध वर्गात ते तिनं एकटीनं केलं होतं, आणि तिलाच मी कॉपी करायला लावलं. मला माझी इतकी लाज वाटली की पर्सची चेन उघडेना.

जुनी वही मी बाईंच्या हातात दिली. "ही खरी आहे. ती दुसरी मी लिहायला लावली."

त्या उभ्या-उभ्या वाचत गेल्या. अठरा तारखेला थांबल्या. "यात तुमच्याबद्दल लिहिलंय. हे खरं आहे?"

"खरं आहे. माझं मन लागत नाही. मी शिबिरातूनही पळून आले होते."

सर खोकले. बेचाळीस जणांचे डोळे केव्हाच उघडले होते. मला वाटलं, आता हशा पिकेल. कोणीच हसलं नाही.

पक्की जागा एप्रिलमध्ये दुसऱ्या कोणाला मिळाली. विषयही माझ्याकडून काढून घेतला. फक्त त्या वर्षाचे मार्क तेवढे माझ्याच हातून जायचे होते, म्हणून मुलांकडे परत गेलेल्या वह्या पुन्हा माझ्याकडे आल्या. करिश्माच्या जुन्या वहीत समितीच्या तारखेखाली चार ओळी नव्या होत्या.

'आज मॅडम खरं बोलल्या. मग कोणीच काही बोललं नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आज मन लागलं.'