सात सेकंदांचे अब्बा

आमचे हे, अयूब, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहेत. वर्षातले नऊ महिने समुद्रावर. या खेपेला जाताना त्यांनी माझ्या मोबाइलवर सात सेकंदांचा निरोप ठेवला होता: "नाझिया, जहाजाला काही होणार नाही. जेव बघू."

त्या निरोपाने आमचं घर वेठीला धरलं. दहा वर्षांची नाझिया प्रत्येक घासाआधी तो ऐकायची. मध्येच कुणी खोकलं, कुकरची शिट्टी झाली, की पुन्हा पहिल्यापासून. नाही ऐकला तर अब्बा बुडतील आणि तेही आपल्यामुळे, असं तिच्या मनाने घेतलं होतं. एकेका जेवणाला दोन तास लागायचे. शाळा सुटत चालली. आमच्या राजिवडा मोहल्ल्यातल्या बायका म्हणाल्या, नजर लागली. मी म्हटलं, तुमचीच असेल.

डॉक्टरांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, सांगितला आणि पुण्याच्या समुपदेशक मनस्वी मॅडमशी गाठ घालून दिली, तीही मोबाइलवर. दर सोमवारी चार वाजता मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवायची. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आवाज ऐकवता, भीती घटकाभर बसते, आणि मग जास्त मागायला येते." मला रागच आला. उपाशी पोरीला बापाचा आवाज ऐकवणं हा काय गुन्हा झाला? वर थापही मारली, "आता नाही हो ऐकवत."

"ऐकवते. खोटं बोलते ती," शेजारी बसलेली नाझिया म्हणाली. मॅडम हसल्या. मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

चौथ्या सोमवारी जहाज बंदराला लागलं होतं, म्हणून हेही कॉलवर आले. निरोप ऐकवायचा नाही, खोटा दिलासा द्यायचा नाही, हे मॅडमनी सगळ्यांना आधीच समजावलं होतं. नाझियाही तयार झाली होती. मी तिच्यापुढे बांगड्याचं सार आणि भात वाढला. तिने घास उचलला आणि विचारलं, "अब्बा, जहाज बुडणार नाय ना?"

हे म्हणाले, "माहीत नाय गो बाळा. भीती वाटली तरी जेवता येतं."

ठरलेलंच होतं, तरी मनात आलं, दर्यावरच्या माणसाने असं अभद्र बोलावं?

नाझिया माझ्याकडे वळली. "अम्मी, तू सांग."

"मला माहीत नाही," मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी म्हटलं. "भीती वाटतेय ना? मी इथंच बसलेय."

ती रडली, ओरडली, मला दुष्ट म्हणाली. मलाही मी दुष्टच वाटत होते. भात गार झाला. पाऊण तासाने तिने एक घास खाल्ला. मग दुसरा. मोबाइलमध्ये हे तोंड फिरवून डोळे पुसत होते.

कॉल संपल्यावर मी मागीलदारी गेले आणि मोबाइल कानाला लावला. जहाजाला काही होणार नाही. एकदा ऐकलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा मागून आवाज आला.

"अम्मी, तू पण?"

मला खोटं सुचेना. इतके महिने तिच्यासाठी म्हणून लावत होते, पण तो मलाच हवा असायचा.

नाझियाने मोरीजवळचं स्टूल ओढलं आणि मला खेटून बसली.

"भीती वाटतेय ना? मी इथंच बसलेय." मग मोबाइलमधल्या निरोपाकडे बोट दाखवून म्हणाली, "पुसू?"

हो म्हणायला मला तिच्या पहिल्या घासाइतकाच वेळ लागला.