अडुसष्टाला उघडलेलं दार

"दार वाजवलंस की शंभर मोज, मगच खाली उतर," मला घरं मोजायला पाठवताना कचेरीतले बेरीजकाका म्हणाले होते. जनगणनेची कामं करण्यातच त्यांचे केस पिकलेले. मी हसण्यावारी नेलं. "काका, शंभर मोजत बसले तर पुढची जनगणना उजाडेल!" माझी सहा महिन्यांची लेक शेजारणीकडे होती, जीव सगळा तिकडे.

काच कारखान्यामागची इमारत, वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. तीन दिवस तीन फेऱ्या मारल्या, दर वेळी जेमतेम विसापर्यंत मोजलं. दाराला कुलूप नव्हतं, तेही दिसलं होतं. तरी लिहिलं: रिकामी, माणसं शून्य.

महिन्याभराने लेकीला लस टोचून परतताना त्याच खिडकीत ओला टॉवेल दिसला. लेकीला कडेवर घेऊन जिना चढले, दार वाजवलं, मोजू लागले. अडुसष्टाला कडी निघाली.

"आज पळाली नाहीस?" भिंत धरून उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या. "मी दारापर्यंत येते तोवर चपलांचा आवाज जिन्यात!"

कचेरीत जुन्या याद्या काढल्या. त्या खोलीत आधी सात माणसं, चौघं कारखान्यात. भट्ट्या विझल्यानंतर तीन. मग एकच: आजी, बरण्या तपासणाऱ्या, निवृत्त. राज्यभर हेच झालंय, तरुण परगावी आणि मागे म्हातारे. त्यात माझं शून्य.

"काका, दुरुस्त करा ना."

"आकडे वर गेले, पोरी. राज्याची बेरीज जाहीर झाली. आता आजींना बसवू कुठे?"

बाकीच्या खोल्या खरंच रिकाम्या, ही कागदावर रिकामी, म्हणून इमारत निर्मनुष्य ठरली. आजींना तपासायला येणाऱ्या नर्सबाईंची फेरी थांबली. महिनाअखेरीस पाणी तोडणार आहेत. मी तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर: तिथे कोणी राहत नाही.

आताच वर नळाला धड पाणी चढत नाही, म्हणून रोज दोन बाटल्या पाणी आणि थोडं जेवण देऊन येते. पण नवऱ्याची बदली झाली, सोमवारी निघायचंय. "आजी, आमच्याबरोबर चला," म्हटलं.

"मी? मी तर नाहीच आहे ना गं," म्हणून त्यांनी लेकीचा गाल ओढला.

तुमचं त्या बाजूला जाणं होत असेल तर वर चढा. दार वाजवा आणि थांबा. शंभर नको, दीडशे मोजा. त्यांचे गुडघे आता जास्तच धरलेत.