नवशाबुवांची परात

प्लेगच्या गाठी परातीत विरघळतात, हे पाहायला खोपोलीपासून माणसं आली होती. नवशाबुवा देवळाच्या पायरीवर बसून रोग्यांचे पाय स्वतः धुवत. एवढा मोठा पुरुष आपले पाय धुतो म्हणून रोगी आधी रडत, मग बरे होत.

“गाठ जांघेत, पन पळनार तळव्यातून!” बुवा गरजत. अंगठा तळव्यावर सावकाश फिरे. “आता तीन दिस इथंच पडून ऱ्हा.”

मग जांघेत गाठ घेऊन डोंगरवाडीचा धाऊ आला. कमरेला लाकडी आकडी, आकडीत अडकवलेला कोयता. बुवांनी त्याचे तळवे दोनदा धुतले आणि परात सारली.

“देवी नाय म्हनते. वाडीबाहेर काढा ह्याला. झोपडी जाळा.”

गर्दी मागे सरली. धाऊची बायको ठमी तेवढी हलली नाही. “अवो बुवा, झोपडीत पोरं हायेत माजी!”

मी सरकारी डॉक्टर. प्लेगची लस टोचायला आलो होतो. सकाळपासून एकानंही दंड पुढे केला नव्हता. उठायचा कंटाळा आला होता, तरी उठलो.

“धाऊ, ताप आहे?”

“नाय.”

“वाडीत उंदीर मरून पडले?”

“आमच्यात त्यांना खायला काय हाय, सायेब?”

“आकडी सोड.”

आकडीखाली, कुल्ल्यावर, घासून पडलेली जखम पुवानं भरली होती. मी परातीच्या गढूळ पाण्यात हात घातला. आधीच्या रोग्यांच्या तळव्यांतले करवंदीचे तीन काटे निघाले.

“रक्ताखेरीज अंगात पाण्यासारखा एक रस बारीक नळ्यांतून वाहतो,” मी म्हणालो. “जखमेतलं विष तो वाहून नेतो. जांघेत, काखेत, गळ्याशी त्याची नाकी आहेत. ती विष अडवतात आणि सुजतात. त्यालाच आपण अवधाण म्हणतो, तो प्लेग नव्हे. बुवा काटा काढतात, पाय स्वस्थ राहतो, गाठ बसते. काटा सापडला नाही की बुवा घाबरतात आणि देवी नाही म्हणते.”

“देवीलाच इचारा, डाक्टर!”

“तिला कंबर बघायचं सुचलं नाही, बुवा.”

कुणी हसलं नाही. काडेपेटी कुणाच्या तरी हातात होतीच. मग मी जखम धुऊन पट्टी बांधली आणि धाऊच्याच झोपडीत मुक्काम टाकला. प्लेग निघाला तर मलाही जाळा, म्हणालो. ही अट लोकांना पटली.

पाचव्या दिवशी गाठ बसली. झोपडी न जळता उभीच राहिली. सकाळी दार उघडलं तर बाहेर रांग, आणि माझ्यापुढे तीच परात, घासूनपुसून लख्ख.

मी ती पालथी घातली आणि म्हणालो: बाबांनो, जांघेत गाठ आली तर कमरेपासून तळव्यापर्यंत जखम शोधा, साबणानं धुवा. ताप असेल किंवा जखम सापडत नसेल, तर दवाखाना गाठा. माणसाला घराबाहेर काढून कुठलीच गाठ बसत नाही.

सगळ्यांनी मान डोलावली. मग रांगेतल्या पहिल्यानं पाय पुढे केला.