एक जादा भोंगा

लोसाने क्लबच्या खिडकीचं मिठाने गढूळलेलं तावदान वर ढकललं आणि ऊन आत आलं. आधी ते उंबऱ्यावरच्या वाळूत रेंगाळलं, मग टांगलेल्या ओल्या वेटसूटांवरून सरकलं, किटलीच्या पोटावर क्षणभर थबकलं, आणि वेलिंग्टनच्या वाऱ्याची पर्वा न करता अगदी सावकाश टेबलावर चढलं. ड्यूगल ते पाहत राहिला. दुसरं काही करण्याची त्याला मुभा नव्हती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून तो बसला होता.

हा नियम त्यानेच घालून घेतला होता. आपल्या सॉफ्टवेअर लायब्ररीची, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल अशा तयार कोडची, नवी आवृत्ती सोडण्यापूर्वी, ती आधी न पाहिलेल्या कुणीतरी कोऱ्या लॅपटॉपवर, निव्वळ सूचना वाचून ती बसवायची, बांधायची, तपासायची. लिहिणाऱ्याने शेजारी गप्प बसायचं. एक आकडा बदलला की त्यावर विसंबलेलं सारं आपोआप बदलावं, एवढंच त्या लायब्ररीचं काम. लाटांची उंची बदलताच फलक, झेंडे आणि भोंगा आपसूक बदलावेत, म्हणून जीवरक्षकांच्या क्लबला ती हवी होती. आज जमलं, तर तीन वर्षं खपून त्याने सगळ्यांसाठी मोफत खुल्या ठेवलेल्या कामाला पहिला वापरणारा मिळणार होता. क्लबची कप्तान लोसा, साठीतली सामोअन बाई, बंदरातल्या संगणकांवर उभी हयात घालवलेली. तिला फसवणं कठीण होतं.

"श्वास घेतलास तरी चालेल हं. सूचनांत त्याला बंदी नाहीये."

"आँटी, मी बोलायचं नसतं."

"बोललास की."

ती एकेक आज्ञा मोठ्याने वाचून टाइप करत गेली. बांधणी निर्विघ्न झाली. चाचण्या सुरू झाल्या. चारशे बारा ओळी हिरव्या उमटल्या आणि शेवटची लाल, म्हणजे नापास.

'पुन्हा चालवा' हे शब्द ड्यूगलच्या ओठांपर्यंत आले. त्याने ओठ मिटले.

लोसाने चाचणी पुन्हा चालवली नाही. कपाळावरचा चष्मा खाली ओढून तिने लाल ओळ वाचली.

"थांबवल्यानंतर एकही निरोप यायला नको; आलाय एक. म्हणजे मी भोंगा बंद करणार आणि हा आणखी एकदा कोकलणार? निम्मी पोरं पाण्यात, निम्मी वाळूवर, आणि शिव्या खाणार मी."

त्याला हसू फुटलं. त्याचं लिखाण इतकं मनापासून कुणी वाचलं नव्हतं.

"दात काय काढतोस? तुझा नियम गेला खड्ड्यात. कुठे बघू, सांग."

त्याने मुंग्या आलेले हात सोडवले. थांबवताना त्याचा प्रोग्राम आधी निरोपांची रांग रिकामी करत होता आणि मग नव्या निरोपांना दार लावत होता. मधल्या निमिषात एखादा निरोप आत शिरायचा. त्याने दोन ओळींची अदलाबदल केली. लोसाने सगळ्या चाचण्या सलग वीसदा चालवल्या. वीसही वेळा पडदा हिरवागार राहिला. तिने त्याच्या पाठीत अशी थाप दिली, की खुर्ची पुढे सरकली.

"घेतली आम्ही. शनिवारी फलकावर चढवू." मग चहा ओतता ओतता तिने सहज विचारलं, "ही लाल ओळ तुला कधी दिसली नव्हती का रे?"

"दिसायची. दोन वर्षं." त्याने कप दोन्ही हातांत धरला. "दुसऱ्या खेपेला ती हिरवी व्हायची. मी म्हणायचो, चाचणीच लहरी आहे."

लोसाने किटली खाली ठेवली.

"चाचणी खरं सांगत होती, आँटी. चूक माझी होती."