येणारं येऊ दे, जाणारं नको

मी एक म्हातारा मोबाइल बोलतोय. बटणांचा. माझ्या बॅटरीची शपथ घेऊन सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे.

तुम्ही म्हणाल, तुझी बॅटरी तर केव्हाच फुगून बाद झाली, हल्ली पोटात आहे ती दुसऱ्याच कुणाची तरी. बरोबर. म्हणून तर तिची शपथ घेतली. परक्याच्या जिवाची शपथ घ्यायला माझं काय जातंय?

माझा पहिला मालक स्पेनचा मंत्री होता. मंत्री म्हणजे, मंत्र्याच्या मागच्या गल्लीत राहणारी एक विधवा म्हातारी, दोन्या एन्कार्ना. दोन्या म्हणजे तिकडच्या भाषेत बाईसाहेब. ती मला अॅप्रनच्या खिशात ठेवायची आणि एकाच कामाला वापरायची. या खोलीतून त्या खोलीत फोन करून रायनाला बोलवायची. रायना म्हणजे तिची सेवा करायला ठेवलेली बाई. बल्गेरियाच्या डोंगरातल्या दोल्ना ब्रेस्ता नावाच्या गावची.

एक दिवस गावाहून निरोप आला, रायनाची आई गेली. रायनानं रजा मागितली. दोन्या एन्कार्ना सूप पीत होती. चमचा खाली न ठेवता ती म्हणाली, "तुझी आई तर गेलीच आहे गं. मी अजून आहे. मला सूप कोण देणार?"

रायना गेली नाही. नोकरी गेली असती.

पुढे दोन्या एन्कार्नाही गेली. तिच्या मुलांनी घर वाटून घेतलं, भांडी वाटून घेतली, पडदेसुद्धा वाटून घेतले, आणि रायनाला मला दिलं. वर म्हणाले, "आईचा तुझ्यावर फार जीव होता."

रायनानं मला लोकरीच्या मोज्यांच्या जोडीत गुंडाळलं आणि गावाकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती बापासाठी पाठवून दिलं. बापाचं नाव झाप्रियान.

झाप्रियानच्या फाटकावर मला पहिल्यांदा दिसली ती एक मेलेली बाई. आमच्या गावात माणूस गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापून फाटकावर डकवतात. वर फोटो, खाली शोक करणाऱ्यांची नावं. हा कागद रायनाच्या आईचा होता. पावसानं फोटोतलं नाक गेलं होतं. खाली एकच नाव होतं, झाप्रियान. छापणाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, "आणि मुलीचं नाव?" झाप्रियान म्हणाला होता, "मुलगी? कसली मुलगी?"

त्या कागदाचा फोटो काढून कुणीतरी रायनाला पाठवला. असल्या कामाला गावात माणसं कमी पडत नाहीत.

झाप्रियाननं मला उलटसुलट करून पाहिलं. मी वाजलो. त्यानं कानाला लावलं, "बाबा" एवढंच ऐकलं आणि मला बटाट्याच्या टोपलीत टाकलं. पुन्हा वाजलो, पुन्हा टोपली. बटाट्यांशी माझी चांगली ओळख झाली. शेवटी रायनानं गावातल्या दारूच्या दुकानात फोन केला. ते दुकान ग्रोझदानचं. ग्रोझदान हा पन्नाशीचा, पोट सुटलेला, गावातल्या प्रत्येकाची नक्कल करणारा माणूस. गावात कुणाला काही झालं की ते ग्रोझदानच्या तोंडून ऐकल्याशिवाय लोकांना खरं वाटायचं नाही. रायना त्याला म्हणाली, "त्यांना माझा आवाज नको असेल तर राहू दे. पण ईमेल सुरू करून दे त्या फोनवर. निदान वाचतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात माझं ऑपरेशन झालं. चार-पाच टवाळ टेबलाभोवती गोळा झाले.

"काका, हा फोन तुमच्याहून म्हातारा दिसतो," ग्रोझदान म्हणाला.

"तू कर काम. तोंड नंतर चालव."

ग्रोझदाननं पत्ता घातला, पासवर्ड घातला. मी म्हणालो, नाही. पुन्हा घातला. मी म्हणालो, नाही. खरं सांगायचं तर दोष माझाच होता. बॅटरी काढली की मी तारीख विसरतो आणि माझ्या कारखान्यातल्या जन्मदिवसावर जाऊन बसतो. चुकीच्या तारखेच्या फोनला मेलवाले दारात उभं करत नाहीत. ग्रोझदानला ते कळेपर्यंत त्याचे दोन पेले राकिया पिऊन झाले. मग तारीख लावली आणि मी एकदम शहाणा झालो.

"येणाऱ्या मेलचा सर्व्हर," ग्रोझदान मोठ्यानं वाचत होता, "घातला. आता जाणाऱ्या मेलचा."

"तो नको," झाप्रियान म्हणाला.

"म्हणजे?"

"येणारं येऊ दे. जाणारं नको. मला तिला काही सांगायचं नाही."

"काका, असा फोन नसतो. कान आहे आणि तोंड नाही?"

"तुझं तोंड आहे ते पुरे आहे गावाला. मी म्हणतो तसं कर."

टवाळ हसले. ग्रोझदाननं खांदे उडवले आणि ती चौकट रिकामी सोडली. अशा रीतीनं मी झाप्रियानच्या खिशात परतलो. ऐकणारा, पण मुका.

रायनाची दर रविवारी मेल यायची. झाप्रियान ती वाचत नसे. म्हणजे, भिंग घेऊन खिडकीपाशी बसून, एकेक ओळ खाली सरकवत, ओठ हलवत वाचत नसे. कुणी फाटकात आलं की भिंग खाली ठेवून म्हणे, "नुसतं बघतोय, चालतंय का हे डबडं." रायना काय लिहायची? नवीन घरी एका म्हाताऱ्या मास्तरांना सांभाळते. ते तिला स्पॅनिश शिव्या शिकवतात. तिथल्या टमाट्यांना चव नाही. आईनं लावलेली चेरी फुलली का? झाप्रियान हे सगळं वाचायचा आणि मग बागेत जाऊन चेरीकडे बघून यायचा. उत्तर नाही.

मग क्षमेचा रविवार आला.

हा दिवस ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी येतो. धाकट्यांनी मोठ्यांच्या घरी जायचं, हात चुंबायचा आणि म्हणायचं, मला क्षमा करा. मोठ्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, तुला क्षमा असो. दुसऱ्याकरवी निरोप चालत नाही. म्हटलं नाही तर वर्ष सगळं तसंच, गाठ बसल्यासारखं. संध्याकाळी टेकडीवर जाळ पेटवतात, आणि छताला दोरीनं हलव्याचा तुकडा टांगून हात पाठीमागे बांधून तोंडानं पकडायचा खेळ खेळतात. देवाला आमची गंमत बघायची असते बहुतेक.

त्या सकाळी मेल आली. "बाबा, हात चुंबायला मी तिथे नाही. आईच्या वेळी आले नाही, त्याची क्षमा मागते. तुम्ही स्वतः लिहिलंत तर ईस्टरला येईन. नाही लिहिलंत तर मी समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही."

झाप्रियाननं भिंग पुसलं. पुन्हा वाचलं. मग मला मांडीवर घेतलं आणि त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा माझी बटणं वापरली. एका अक्षरासाठी तीन तीन वेळा दाबायचं, हुकलं की पुसायचं. बोटं अशी जाड की एकदम दोन बटणं दाबली जायची. मध्येच तो उठून गेला, रायनाच्या खोलीतल्या शेगडीची राख काढून आला, हात धुतले आणि पुढचं लिहिलं. शेवटी माझ्या पडद्यावर आलं: "क्षमा आहे. ये. तुझ्या खोलीची शेगडी साफ केली."

त्यानं पाठवायचं बटण दाबलं.

मी काय करणार? मी मुका. मी पडद्यावर लिहिलं, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर दिलेला नाही, मजकूर आउटबॉक्समध्ये ठेवला आहे.

ते त्यानं भिंगातून वाचलं. त्याला समजलं. समजल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते मी खूप जवळून पाहिलं, कारण तो मला नाकाशी धरून होता.

संध्याकाळी तो मला खिशात घालून ग्रोझदानच्या दुकानात आला. ग्रोझदानला बाजूला घेऊन हळूच सांगायचं आणि काम करून घ्यायचं, असा त्याचा बेत असावा. पण दुकान भरलेलं. ग्रोझदान दारातच ओरडला, "या या काका! फोन घेऊन आलात? मुलीला उत्तर लिहिलंत की काय?"

सगळे वळले.

"उत्तर? मी?" झाप्रियान म्हणाला. "तारीख बघायला आणलाय." आणि त्यानं मला काउंटरवर उताणं ठेवलं.

मग त्याला धरून खेळात ओढलं. हात पाठीमागे बांधले. दोरीला लावलेला हलवा गोल फिरत होता आणि सत्तरीतला झाप्रियान मान वर करून, तोंड वासून त्याच्यामागे फिरत होता. माणसं टाळ्या देत होती. तेवढ्यात ग्रोझदाननं मला उचललं. आउटबॉक्स उघडला. वाचलं.

आणि तुम्हाला सांगतो, त्या टवाळाचा चेहरा बदलला. तो मला घेऊन गुपचूप मागच्या कोठारात गेला, बरण्यांच्या फळीला टेकून जाणाऱ्या मेलची ती रिकामी चौकट भरली आणि पाठवायचं बटण दाबलं. माझ्या आयुष्यातली पहिली आणि शेवटची मेल गेली. मला बाळंत झाल्यासारखं वाटलं. ग्रोझदान परत आला, मला होतो तसा काउंटरवर ठेवला आणि कुणाला काही बोलला नाही. ईस्टरला रायना आली. फाटकावरचा कागद तिनं स्वतः काढला. बापाचा हात चुंबला. शेगडी पेटली होती, खोली उबदार होती, आणि झाप्रियान म्हणाला, "मोजे कसले पाठवतेस, दोन्ही एकाच पायाचे."

आता मी कुठे आहे ते सांगतो. मी बागेत आहे. चेरीच्या झाडावर, तारेनं टांगलेला. चेरी पिकली की साळुंक्यांसारखे पक्षी थव्यांनी येतात. त्यांना हाकलायला झाप्रियान माझा गजर लावून ठेवतो. मी वाजतो, ते उडतात. हल्ली उडत नाहीत, नुसते बघतात. मोबाइलला फार दिवस टांगून ठेवलं की त्याचा धाक राहत नाही. माझी एक विनंती आहे. इकडून जाणाऱ्या कुणीतरी मला खाली उतरवा.

उतरवणार असाल तर खरं सांगतो. एवढ्या सगळ्यात मी दोनच ठिकाणी खोटं बोललो. एक, तो मंत्री. दोन्या एन्कार्नाच्या पुढच्या गल्लीत कुणी मंत्री राहतच नव्हता, ती खाटकाची गल्ली होती.

दुसरं, ते कोठार.

ग्रोझदान कोठारात गेला नाही. तो तिथेच काउंटरवर चढला आणि मला उंच धरून झाप्रियानच्या आवाजात, त्याच्यासारखाच घसा खाकरून, वाचू लागला. "क्षमा आहे. ये. तुझ्या खोलीची शेगडी साफ केली!" दुकान हसलं. कुणीतरी ओरडलं, "काका, माझ्या घरची पण शेगडी करून द्या!" झाप्रियानचे हात बांधलेले. हलवा त्याच्या गालाला लागून फिरत होता. हनुवटीवर साखर.

कुणीतरी त्याचे हात सोडले. तो काउंटरपाशी आला आणि म्हणाला, "मी नाही लिहिलं. ही यंत्रं आपलं आपण लिहितात." आणि ते सिद्ध करायला सगळ्यांदेखत मजकूर पुसला. यावेळी एकदाही चुकीचं बटण दाबलं नाही.

ग्रोझदान दुसऱ्या दिवशी उतरलेल्या चेहऱ्यानं जागा झाला. त्यानं रायनाला फोन लावला. झाप्रियान फाटकात उभा होता, मी त्याच्या खिशात, आणि ग्रोझदान रस्त्यावरून मोठ्यानं बोलत होता, त्याला ऐकू जावं म्हणून. "अगं, क्षमा केली त्यांनी! मी स्वतः वाचलंय!" तिकडून तिनं काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "नाही. त्यांच्या तोंडून नाही." मग झाप्रियानपुढे फोन धरून म्हणाला, "काका, एक शब्द बोला. ती आहे अजून."

झाप्रियाननं रस्त्याकडे पाहिलं. समोरच्या घराच्या खिडकीत दोघी उभ्या होत्या, ऐकत.

"कोण ती?" तो म्हणाला आणि आत गेला.

ईस्टरच्या सकाळी रायनाच्या खोलीच्या धुराड्यातून धूर येत होता. शेगडी त्यानं पहाटेच पेटवली होती, दाराशी स्वच्छ चादर घडी करून ठेवली होती. दुपारी लाकडं संपली. मग तो बाहेर आला, तार घेतली आणि मला या झाडावर टांगलं.

टांगायच्या आधी मी एकदा वाजलो होतो. मेल होती. त्यानं पाहिली नाही. ती मी वाचलेली नाही असं तुम्हाला सांगितलं असतं, पण ते तिसरं खोटं झालं असतं. तिच्यात एकच ओळ आहे. बाबा, चेरी फुलली का?